वहीच्या डावीकडे

मी एक फोटो बोलतोय. अगदी खरं सांगायचं तर फोटोचा उरलेला भाग बोलतोय, कारण पूर्ण फोटो आता कुठेच नाही. तुम्ही मला कधीतरी पाहिलंही असेल. हाताने शिवलेल्या वह्यांची एक छोटीशी वेबसाइट आहे, तिच्या पहिल्याच पानावर मी असतो. हिरव्या कापडी पाठीची एक वही, मागे स्वच्छ पांढरं, बाकी काही नाही. लोक वही बघतात आणि पुढे जातात. त्यांचं काही चुकत नाही. मी तेवढाच उरलोय.

माझा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. कारखाना हे कौतुकाचं नाव, एरवी ती तळमजल्यावरची एक लांबट खोली. आत शिरलं की उजव्या हाताला कागद कापायचं मोठं यंत्र, त्याच्या पायाशी कात्रणांचं पोतं, पुढे वह्या दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि अगदी शेवटी खिडकीखाली शिवणीचं टेबल. खोलीभर कागद-पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा आंबूस वास. मला नाक नाही, पण आत येणारा प्रत्येक माणूस आधी नाक मुरडायचा आणि मग बोलायला लागायचा, म्हणून मला ठाऊक.

तिथे दोघंच काम करत. एक बाइंडर आणि एक त्यांची लेक. बाइंडरांना त्यांच्या नावाने हाक मारणारं तसं कोणी उरलं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि गिऱ्हाइकं तर त्यांना बाइंडरच म्हणत. माणूस कमी बोलणारा, पण कामात एवढा चोख की दोरा तोडतानासुद्धा आधी दोनदा बघायचा.

त्यांचा एक नियम होता आणि तो खोलीत सगळ्यांना पाठ होता. एका वस्तूच्या दोन प्रती टेबलावर ठेवायच्या नाहीत. त्याचं असं झालं होतं की, लेक सात-आठ वर्षांची असताना एका प्राध्यापकांनी आपला प्रबंध बांधायला दिला होता. जुनी प्रत आणि सुधारलेली प्रत अशा दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी पडून राहिल्या. बाइंडरांनी जुनीच शिवली, तिच्यावर सोनेरी अक्षरं उठवली, आणि सुधारलेली रद्दी समजून पोत्यात घातली. पोतं त्याच दिवशी गेलं. प्राध्यापक दारात उभे होते, त्यांचं रडायचंच काय ते बाकी होतं. त्या दिवशी बाइंडरांनी कानाला खडा लावला. नवं तयार झालं की जुनं तिथल्या तिथे पोत्यात. टेबलाखाली बसून कात्रणांच्या होड्या करणाऱ्या लेकीने हे सगळं पाहिलं होतं.

पुढे कामं आटली. ऑफिसं रजिस्टरं बांधून घेईनात, पुस्तक फाटलं तर लोक नवीन घेऊ लागले. शिकंजा आठवडा आठवडा रिकामा राहायला लागला तेव्हा लेकीने वेबसाइटची गोष्ट काढली.

"वही हातात घेतल्याशिवाय कोण घेतं गं?" बाइंडर म्हणाले.

"बघून घेतात, बाबा."

"बघून काय कळणार? कागद कसा आहे ते बोटाला कळतं."

"म्हणून तर फोटो चांगला पाहिजे."

फोटो म्हटल्यावर ते जरा सावरून बसले, कारण बाइंडरांचं आणि कॅमेऱ्याचं पहिल्यापासून वाकडं होतं. कोणाच्याही कार्यात फोटोची वेळ आली की ते एखाद्या उंच माणसाच्या मागे जाऊन उभे राहत. ओळखपत्रावर होता तेवढाच त्यांचा धड फोटो, आणि त्यातही चेहरा असा की आत्ता कोणीतरी चार लोकांत खडसावलंय.

लेकीने मैत्रिणीकडून कॅमेरा मागून आणला. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीतून चांगला मऊ उजेड येतो हे तिला माहीत होतं. वही टेबलावर उभी केली. मागे पांढरं हवं म्हणून एक मोठा पुठ्ठा घेतला आणि तो धरायला बाबांना उभं केलं. बाइंडर खूश झाले. फोटोच्या वेळी लपायला एवढी चांगली जागा त्यांना जन्मात मिळाली नव्हती.

माझ्याआधी सोळा फोटो निघाले. माझी ती सोळा भावंडं वह्यांचीच, आणि सगळ्यांत बाइंडर म्हणजे पुठ्ठ्याच्या कडेवरची फक्त बोटं. सतराव्या वेळी लेकीच्या काहीतरी लक्षात आलं. ती कॅमेरा डोळ्याला लावायची तेव्हा पुठ्ठा दगडासारखा स्थिर व्हायचा, आणि खटका वाजला की मागून हुश्श असा आवाज यायचा.

"बाबा, तुम्ही श्वास कशाला रोखताय? फोटो वहीचा आहे."

पुठ्ठ्यामागे हसणं सुरू झालं. पहिल्यांदा नुसता पुठ्ठा थरथरला, मग तो एका बाजूने कलला आणि डावीकडून बाइंडरांचा चेहरा बाहेर आला. लेकीचं बोट त्याच वेळी खटक्यावर पडलं. माझा जन्म झाला तो असा.

मी मूळचा कसा होतो ते सांगतो, कारण सांगणारा मी एकटाच आहे. उजवीकडे हिरवी वही, तिच्यामागे कललेला पुठ्ठा आणि डाव्या अंगाला बाइंडर. तोंडभर हसताहेत, डोळे जवळजवळ मिटलेत, लपायचं विसरलेत. कॅमेऱ्याकडे ते बघतच नव्हते. ते लेकीकडे बघत होते.

दुपारी तिने मला कॉम्प्युटरवर घेतलं. कॉम्प्युटर जुना, सुरू होताना कण्हायचा. वेबसाइटसाठी फोटो कसा तयार करायचा हे ती कुठून कुठून शिकली होती आणि सगळ्या पायऱ्या एका कात्रणावर लिहून तिने भिंतीला चिकटवल्या होत्या. आधी फोटो सरळ करायचा, मग कापायचा, मग उजेड, रंग, डाग, आकार, आणि शेवटी साठवायचा.

मी किंचित उजवीकडे झुकलेला होतो. तिने मला हलकेच फिरवून टेबलाची कड सरळ केली. मला बरं वाटलं. मग माझ्यावर एक बारीक चौकट आली. चौकटीत जेवढं येईल तेवढं राहणार, बाहेरचं जाणार. तिने चौकट वहीभोवती आणली आणि हात थांबवला.

"बाबा, जरा इकडे या."

बाइंडर हात पुसत आले आणि तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"वही छान आलीये," ते म्हणाले. "पण डावीकडे एवढी जागा कशाला सोडलीस?"

"तिथे तुम्ही आहात."

"तेच म्हणतोय मी."

"किती छान हसताय बघा. असूच दे का?"

"लोकांना वही घ्यायचीये की म्हातारा? काप."

लेक माउस तसाच धरून बसली.

"अगं काप. पातं मधेच थांबलं की कड दातेरी होते, तुला काय आज सांगायचं?"

तिने कापलं.

मला दुखलं नाही. उलट एक गोष्ट कबूल करायला हवी, मला तेव्हा बरंच वाटलं. आता सगळे वहीकडेच बघतील, मधे मधे करणारं कोणी नाही, असं माझ्या मनात आलं. वेबसाइटच्या पहिल्या पानावर जायचं म्हटल्यावर मी जरा हवेतच होतो.

एक अंगठा तरीही राहिला होता, पुठ्ठ्याच्या कडेवर. तिने शेजारचा पांढरा रंग उचलून त्याच्यावर घासला आणि अंगठा गेला. बाइंडरांना ते फार आवडलं. "आमच्याकडे डाग पडला की पान बदलावं लागतं, तुझं बरं आहे," असं म्हणून त्यांनी तिला ते पुन्हा करून दाखवायला लावलं. मग पिवळट दिसणारं पांढरं तिने पांढरं केलं, हिरवा रंग खऱ्या कापडाशी पडताळून पाहिला. त्यासाठी बाइंडरांनी वहीच पडद्याला टेकवून धरली होती.

शेवटी वजन. मोठा फोटो असला की पान उघडायला वेळ लागतो आणि तोवर गिऱ्हाईक निघून जातं, असं ती शिकली होती. तिने मला आखडून आखडून आधीच्या पाचव्या हिश्शाएवढं केलं. "फोटोसोबतची जादा माहिती काढून टाका," अशी एक ओळ होती, तिच्यापुढे खूण केली. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात त्याचीच एक नखाएवढी पूर्ण प्रत ठेवून देतो. ती प्रत त्या जादा माहितीबरोबर गेली. हे तिला माहीत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

मग कॉम्प्युटरने विचारलं, हे बदल जुन्या फोटोवरच साठवायचे का?

"जुना बाजूला ठेवू का, बाबा?"

"ठेवून काय करायचंय? एका वस्तूच्या दोन प्रती असल्या की..."

"गोंधळ होतो," लेकीने वाक्य पुरं केलं आणि 'हो' दाबलं.

दोघंही हसली. घरातलं जुनं वाक्य होतं, म्हटलं की हसायचंच. दुसऱ्या दिवशी कॅमेरा परत करायचा म्हणून तिने त्याचं कार्डही पुसून रिकामं केलं. दुसऱ्याची वस्तू आपला पसारा ठेवून कशी द्यायची?

त्यानंतरचं दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गेलं. वह्या जायला लागल्या. शिकंजा पुन्हा भरलेला राहू लागला. बाइंडर सकाळी आल्या आल्या विचारायचे, "काल किती जणांनी बघितली?" ते वहीबद्दल विचारत, पण बघितलं मलाच जायचं, तेव्हा मी ते माझ्याबद्दलच धरत असे. कोणी कारखान्यात येऊन वेबसाइटचं कौतुक केलं की ते शिवणीतून मान वर न करता म्हणत, "फोटो लेकीने काढलेत. पुठ्ठा मी धरला होता."

आणि एका सकाळी शिवता शिवता ते म्हणाले की घेरी आल्यासारखं होतंय. लेकीने पाणी दिलं. पाणी हातातच राहिलं. दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टर तिच्याशी हळू आवाजात बोलले. ती संध्याकाळी एकटीच परत आली तेव्हा अर्ध्या शिवलेल्या वहीत सुई तशीच अडकलेली होती. ती काढायचा धीर तिला चार दिवस झाला नाही.

दूरच्या गावाहून तिची आत्या आली. बाइंडरांची धाकटी बहीण. भावाचा एक फोटो घरात लावावा असं तिच्या मनात होतं. स्टुडिओवाल्याने ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून, चौकट करून दिला. आत्याने तो भिंतीला टेकवला, लांब जाऊन पाहिला, पुन्हा जवळ येऊन पाहिला.

"हा माझा दादा नाही," ती म्हणाली. "हा कोणीतरी घाबरलेला माणूस आहे."

"फोटोत ते असेच यायचे गं."

"दादा हसायचा कसा ते तुला तरी आठवतंय ना? मला रात्रीपासून आठवेनासं झालंय. डोळ्यांपुढे सारखा तो दवाखान्यातलाच चेहरा येतोय."

लेकीचा चेहरा एकदम उजळला. "आत्या, एक आहे. हसतानाचा. मी काढलाय. थांब तू, आत्ता देते."

ती कॉम्प्युटरपाशी येताना मी पाहिलं. कापल्याचं तिच्या ध्यानातच नव्हतं. तिने मला उघडलं. पडद्यावर हिरवी वही आली आणि मागे स्वच्छ पांढरं.

तिने आधी पडदा डावीकडे सरकवून पाहिला, जणू बाबा तिकडे उभे असतील. मग मला मोठं केलं, आणखी मोठं केलं. मी आधीच आखडलेला, माझे नुसते चौकोनी ठिपके दिसायला लागले. अंगठ्याच्या जागी पांढरं होतं, आणि ते तिनेच घासलेलं होतं. मला त्या वेळी काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. ज्याच्यासाठी ती आली होती ते माझ्याकडे होतं आणि मी ते ठेवलं नव्हतं. ठेवणं माझ्या हातात नव्हतं, हे खरं. पण कापल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही खरंच.

तिने सगळे कप्पे धुंडाळले. मैत्रिणीला फोन केला. त्या कार्डावर आता मैत्रिणीच्या दोन सहलींचे फोटो होते. मग तिने कॉम्प्युटर उचलला आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याचं दुकान म्हणजे उघड्या पोटाच्या यंत्रांची खोली. माणूस मात्र मायाळू होता. त्याने तिला बसायला स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"पुसलेली फाइल असेल तर कधी कधी सापडते," तो म्हणाला. "पुसली होती का?"

"नाही. तिच्यावरच साठवली."

"मग ती परत येत नाही. आता आशा एकच. फोटोच्या आत एक छोटी प्रत असते, ती बघू."

लेक जीव मुठीत धरून बसली. मीही. मला उत्तर माहीत होतं, तरी मीही वाट बघत होतो. त्याने मला उघडलं, आतून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि चष्मा पुसायला घेतला.

"ताई, तुम्ही काम फार नीटनेटकं केलंय," तो म्हणाला. "काहीच मागे ठेवलं नाहीत."

तो हे दुखवायला म्हणाला नव्हता. लेकीने मान हलवली, कॉम्प्युटर उचलला आणि ती घरी आली. आत्या दारातच होती.

"मिळाला?"

"नाही. मी कापला, आत्या. वहीच्या फोटोत ते होते, मी त्यांना कापून टाकलं."

"कोणी सांगितलं होतं कापायला?"

"त्यांनीच."

आत्या पदराने डोळे टिपत म्हणाली, "तो दुसरं काय सांगणार?" आणि तिने लेकीला जवळ घेतलं. ओळखपत्रावरचा घाबरलेला माणूस शेवटी भिंतीवर लागला. दुसरं होतंच काय?

मला कोणाला उपदेश करायचा नाही, तो माझा अधिकार नाही. पण फोटो वेबसाइटवर चढवण्याआधी तो सरळ करा, कापा, उजळा, आखडा, जे हवं ते करा, फक्त त्याआधी त्याची एक प्रत बाजूला ठेवा. जागा थोडीच लागते. आणि फोटोच्या कडेला कोण उभं आहे ते कापण्यापूर्वी एकदा बघा. नको असलेला भाग आज नको असतो, उद्याचं आपल्याला ठाऊक नसतं. एवढंच माझं मागणं.

माझं आताचं सांगतो. हिरवी वही संपली. तसं कापड आता मिळत नाही आणि तशी पाठ बांधणारा माणूसही नाही. लेक साध्या वह्या करते, एकटीच. गेल्या महिन्यात ती वेबसाइटवरून संपलेल्या वह्या काढत बसली होती. माझी पाळी आली. मला काढायच्या खुणेवर तिने बाण नेला आणि तिथेच थांबली. माझ्या खाली एक रिकामी चौकट होती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोटोत काय आहे ते तिथे लिहायचं असतं, त्यांचं यंत्र त्यांना ते वाचून दाखवतं. घाईगडबडीत तिने ती चौकट कधी भरलीच नव्हती. ज्यांना दिसतं त्यांना ती चौकट दिसतही नाही.

ती लिहायला लागली. थांबत थांबत, पुन्हा पुन्हा खोडत.

"हिरव्या कापडी पाठीची वही. डावीकडे माझे बाबा आहेत. त्यांनी पांढरा पुठ्ठा धरलाय आणि ते हसताहेत. अंगात निळा शर्ट आहे, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. समोरचा एक दात थोडा तुटलेला आहे. उजव्या गालावर खळ सुकलीये. चष्मा कपाळावर आहे."

तिने ते वाचलं, साठवलं, आणि मला तिथेच राहू दिलं.

शर्ट निळाच होता. दात बरोबर, खळ बरोबर, गालसुद्धा उजवाच. फक्त चष्मा कपाळावर नव्हता, तो खिशात होता. कपाळावर तो एरवी असायचा, म्हणून तिला तसं आठवत असेल. हे तिला आता कोणी सांगू शकणार नाही. त्यासाठी मूळ फोटो बघावा लागेल, आणि तो मी होतो.